आंब्याच्या छोट्या कलमाला मोहोर आलाय? खुडा, पण जरा थांबून

कलम लावून जेमतेम वर्ष झालेलं असतं आणि कमरेएवढ्या झाडाला मोहोर येतो, कुणालाही आनंद होणारच, पण प्लीज फळं धरू देऊ नका. कलमाची काडी मोठ्या झाडावरची असते म्हणून ती एवढ्या लवकर मोहोरते, कोयीचं झाड त्यासाठी सहज 5-6 वर्षं घेतं. पण मुळं आणि खोड अजून कोवळंच असतं ना, फळं धरली की सगळी ताकद तिकडेच जाते आणि झाड खुरटतं. पहिली 3 वर्षं तरी मोहोर काढायचाच.

आता मेन गोष्ट, मोहोर दिसला की लगेच खुडू नका. थंडी चालू असताना खुडला तर शेंड्याखालच्या पानांच्या बगलेतून परत मोहोरच फुटतो, तो काढला की अजून एक, आणि पालवी काही येत नाही कारण रात्री गार असल्या की आंबा मोहोराकडे वळतो आणि हवा तापली की पालवीकडे. म्हणून वाटाण्याएवढ्या कैऱ्या दिसेपर्यंत आणि थंडी सरेपर्यंत थांबा, मग अख्खा तुरा कापा. मोहोरावर भुरी, म्हणजे पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी, पडली असेल तर मात्र वाट बघू नका, लगेच काढा.

फांद्यांचं म्हणाल तर आंबा आपणहून सरळ वर जातो, शेंडा मारल्याशिवाय नीट फुटत नाही. खोड 70-80 सेंटीमीटर झालं की शेंडा छाटा. फांदीवर जिथे पानं दाटीने असतात ना, गोल झुपक्यासारखी, त्याच्या थोडं खाली कापा. झुपक्याच्या वर कापलं तर एकाच जागेवरून 5-6 फुटवे येतात आणि पुढे फळांच्या वजनाने तिथेच फाटतात, खाली कापलं की अंतर ठेवून फुटतात. त्यातले वेगवेगळ्या दिशांचे 3-4 ठेवा, बाकीचे काढा, ते हातभर वाढले की त्यांचेही शेंडे असेच मारा. कलमाच्या जोडाखालून येणारा फुटवा दिसला की लगेच काढायचा, तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याचा असतो.

तांबूस पालवी असताना कात्री लावू नका, पानं हिरवी, कडक होऊ द्या. आणि ग्लोव्हज घाला, चीक अंगाला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते.