इलेक्ट्रिक ट्रकला ट्रेलर जोडताय? रेंज आणि चार्जिंगच्या हिशोबात या चुका टाळा

ट्रकची रेंज ५०० किमी, ट्रेलर लावला की शंभरएक कमी होतील, म्हणजे ४०० तरी मिळतील ना... हा हिशोब जवळपास प्रत्येकजण करतो आणि तिथेच गंडतो. मागे उंच बंद डबा किंवा कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) असेल तर रेंज सरळ निम्म्यावर येते, कधी त्याच्याही खाली, आणि त्यात ट्रक बिघडलाय वगैरे काही नसतं.

मूळ चूक अशी की सगळे वजनाचा हिशोब करतात. फोर्ड एफ-१५० लाइटनिंग हा इलेक्ट्रिक पिकअप ट्रक साधारण ४,५०० किलो ओढतो, तसाच रिव्हियन आर१टी ५,००० च्या आसपास, आणि खरंच ओढतात, जोर कमी पडायचा प्रश्नच नाही, पण त्या आकड्यावरून रेंज किती मिळेल हे अजिबात कळत नाही. सपाट हायवेवर बॅटरी खातो तो वारा. त्यामुळे भरलेला पण बुटका, उघडा ट्रेलर बऱ्याचदा परवडतो आणि रिकामा उंच डबा महागात पडतो. ट्रेलर घेताना किंवा भाड्याने आणताना आधी त्याची उंची-रुंदी बघा, किलो नंतर.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० ऐवजी ११० ने गेलात तर प्रत्येक किलोमीटरला वाऱ्याशी झगडण्यात दीडपट ऊर्जा जाते. आणि तुम्ही शहाण्यासारखे ९० नेच चाललाय पण समोरून २० चा वारा आहे, तरी परिणाम तोच! म्हणून निघायच्या आधी हवामान बघताना पाऊस सगळेच बघतात, वाऱ्याची दिशा पण बघा.

वजन भारी पडतं ते घाटात. ट्रक ३ टन, ट्रेलर ३ टन, आणि १,००० मीटर चढायचंय, तर नुसत्या उंचीसाठीच १६ युनिट जातात, बाकीचा खर्च वेगळा. उतारावर रिजनने (म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते, त्याने) त्यातलं थोडं परत येतं, पण घाटमाथ्यावरच बॅटरी १०० टक्के भरून घेतली तर ती वीज ठेवायला जागाच उरत नाही, मग रिजन जवळपास बंद आणि सगळा भार ब्रेकवर. रस्ता ओला किंवा निसरडा असेल तर रिजन कमीच ठेवा, कारण तेव्हा एकटा ट्रक थांबत असतो आणि ट्रेलर मागून ढकलत असतो.

आता चार्जिंग. बॅटरी १३१ युनिटची आहे म्हणून १३१ धरून प्लॅन करू नका. प्रवासात खऱ्या कामाचा पट्टा १० ते ८० टक्के, म्हणजे ९२ युनिट. ट्रेलरसकट १०० किमीला ६० युनिट लागत असतील तर हातात आले फक्त १५० किमी. ९० च्या वेगाने पावणेदोन तासांच्या आत पुढचा चार्जर गाठायचा, तिथे पाऊण तास उभं राहायचं, मग परत तेच. ८० च्या पुढे चार्जिंग एवढं मंदावतं की शेवटच्या २० टक्क्यांना कधी कधी आधीच्या सगळ्याएवढा वेळ जातो, त्यामुळे लांबच्या चार्जरसाठी १०० पर्यंत भरत बसण्यापेक्षा मधे एखादा जवळचा मिळतो का ते शोधा.

आणि त्या पाऊण तासात ट्रेलर सोडायचा-जोडायचा वेळ कोणीच धरत नाही 😅 बरेच चार्जर नाक आत घालून उभं राहायच्या जागेत असतात, केबल आखूड, ट्रेलर मागे सगळ्यांची वाट अडवून उभा. आरपार निघता येईल अशा जागा अजून कमीच. आधीच सॅटेलाइट मॅपवर जागा बघून ठेवा, आपल्या ट्रकचा पोर्ट पुढे आहे का मागे ते पण लक्षात घ्या. सोडायचाच असेल तर पहिलं काम ट्रेलरच्या चाकाला अडणी लावायचं, हिच (ट्रेलर जोडायचा सांधा), साखळ्या, प्लग सगळं त्यानंतर.

स्क्रीनवरची रेंज मागच्या ड्रायव्हिंगवरून काढलेली असते, ट्रेलर लावल्या लावल्या ती खोटीच असणार. ट्रेलर मोड (मागे ट्रेलर आहे हे धरून हिशोब करणारी ट्रकची सेटिंग) आपोआप आला नाही तर प्लगच्या पिना गंजल्यात का बघा. ट्रेलरला एलईडी लाइट असतील तर ते इतका कमी करंट घेतात की काही ट्रकना मागे काही जोडलंय हेच कळत नाही, मग मोड हाताने चालू करा.

वारा नाही, चढ नाही, तरी खर्च अचानक वाढला? थांबून ट्रेलरच्या टायरची हवा बघा, मग प्रत्येक चाकाच्या हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात न्या, लावू नका, नुसता जवळ. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय, तसंच पुढे रेटू नका. ताडपत्री फडफडत असेल तर आवळून बांधा.

चार्जर १५० किलोवॅटचा आणि मिळतायत ५०, तर बहुतेक वेळा बॅटरी थंड असते किंवा शेजारच्या गाडीबरोबर पॉवर वाटली जात असते. पहिल्यावर उपाय म्हणजे चार्जर ट्रकच्याच नेव्हिगेशनमध्ये टाकून निघायचं, म्हणजे बॅटरी वाटेतच गरम व्हायला लागते, आणि दुसऱ्यावर शेजारी कोणी नसलेला चार्जर रिकामा आहे का ते बघायचं.