नवं चेंबर संगीत ऐकायचं तर आधी वाद्यं ऐका

रचनेमागची गोष्ट आधी वाचू नका, असं मी व्हायोलिन शिकायला येणाऱ्या मुलांना आवर्जून सांगते. आजच्या चेंबर संगीताला, म्हणजे मोजक्या वादकांसाठी रचलेल्या पाश्चात्त्य संगीताला, स्फूर्ती कुठूनही मिळते: आगगाडी, देवमासा, दुसऱ्या कुणाची मैफल. ती रचनेत किती मुरली आहे, हे मात्र वाद्यांच्या आवाजातच कळतं.

सुरुवात अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांच्या ‘डिफरन्ट ट्रेन्स’पासून करा. १९८८ सालची रचना. तंतुवाद्यांचं क्वार्टेट, म्हणजे चार वादकांचा संच, आणि सोबत माणसांचं ध्वनिमुद्रित बोलणं. हेडफोन लावा आणि पहिल्या भागात ते बोलणं धरून ठेवा. बाईच्या बोलण्यातले चढउतार व्हायोलिनहून थोडा मोठा व्हिओला उचलतो, पुरुषाच्या बोलण्यातले त्याहूनही मोठा, खर्जातला चेलो. एखादं वाक्य पुन्हा पुन्हा ऐका आणि शब्द सोडून नुसतं गुणगुणा. मग घरात कुणी ‘अगं, ऐकलंस का?’ म्हणालं, की ते पेटीवर काढून बघा. बोलण्यालाही चाल असते, हे मला याच रचनेनं शिकवलं.

आता पार्श्वभूमी वाचा. आईवडील वेगळे झाल्यामुळे लहानगे राइश १९३९ ते १९४२ या काळात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या दरम्यान आगगाडीनं ये-जा करत. ते ज्यू. तेव्हा युरोपात असतो तर फार वेगळ्या गाड्यांत बसावं लागलं असतं, हे पुढे त्यांच्या मनात आलं. मधल्या भागात नाझींच्या संहारातून वाचलेल्यांचे आवाज आहेत. तो एका बैठकीत, दुसरं काही न करता ऐका.

जॉर्ज क्रम यांची ‘व्हॉक्स बालेने’ (१९७१) हंपबॅक देवमाशांच्या ध्वनिमुद्रणावरून सुचली. सुरुवातीलाच फ्लूटवादक वाजवता वाजवता गातो. त्यातला गळा कुठला आणि फ्लूट कुठली, हे वेगळं काढायचा प्रयत्न करा. वादकांचे काळे मुखवटे, निळा प्रकाश हे सगळं नंतर बघा.

कॅरोलाइन शॉ यांच्या ‘आँत्राक्त’साठी (२०११) मात्र ऐकण्याचा क्रम उलटा. ब्रेंटानो क्वार्टेट या संचानं वाजवलेलं जुन्या काळचे युरोपीय संगीतकार हायडन यांचं संगीत ऐकून ती सुचली. म्हणून आधी हायडनच्या ओपस (रचनासंच क्रमांक) ७७ मधल्या दुसऱ्या क्वार्टेट-रचनेचा मिन्युएट, म्हणजे नाचाच्या ठेक्यातला भाग, ऐका, लगेच शॉ लावा. मध्ये गज तारेवर सूर न लावता नुसता घासला जातो, त्या जागा टिपून ठेवा. व्हायोलिन वाजवत असाल तर तो आवाज स्वतः काढा. तो कसा निघतो, ते हातालाच कळेल.