भाताला कमी पाणी, घरचं खत
खानापूर-बेळगावकडं भातात कायम पाणी तुंबलेलंच पायजे असं बरेच जण धरून चालतात, पण तसं काय नाही. चिखलणीआधी ताग नायतर धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं फुलावर यायच्या आत गाडा, युरिया कमी लागतो. लावणीनंतर दोन आठवडे पाणी ठेवा, मग जमिनीखालची पाण्याची पातळी बघायला फूटभर पाईपच्या खालच्या अर्ध्यात भोकं पाडून तेवढा भाग जमिनीत पुरा, आतली माती काढा आणि पावसानं उघडीप दिली तर आतलं पाणी जमिनीखाली 15 सेंमी उतरल्यावरच वर 5 सेंमी भरा. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडायचं नाही हां, दाणे पोचट राहतात. जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत, एकरी 200 लिटर, त्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, गूळ-बेसन 2-2 किलो, बांधावरची मूठभर माती, सावलीत दोन दिवस ढवळत ठेवायचं. पाणी कमी म्हणजे तण जास्त, कोनोवीडर (ओळींमधलं तण काढायचं हातानं ढकलायचं अवजार) फिरवायचा तर लावणी दोरी धरून सरळच करा.