घाटमाथ्यावर चालते घर : कोल्हापूरहून कुटुंबासह मोटारहोमची सहल कशी आखावी

मोटारहोम, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन डोंगरात जायचे ठरले की बहुतेक घरांत पहिल्यांदा नकाशा उघडला जातो, पाहायच्या ठिकाणांवर खुणा होतात आणि मग त्या खुणा जोडणारा रस्ता शोधला जातो. साध्या मोटारीसाठी ही रीत चालून जाते, कारण ती कोणत्याही बोळात वळते आणि रात्री कोठे ना कोठे खोली मिळते. सहा-सात मीटर लांबीच्या मोटारहोमला मात्र रात्रीसाठी सपाट जागा, जवळ पाणी, शक्य तर विजेचा पॉइंट आणि सकाळी फारसे मागे-पुढे न करता बाहेर पडता येईल एवढे आवार लागते. म्हणून या सहलीची आखणी उलट्या क्रमाने करावी. आधी मुक्काम पक्के करावेत, मग त्यांना जोडणारा रस्ता ठरवावा आणि प्रेक्षणीय स्थळे त्या रस्त्यावर जी येतील तेवढीच घ्यावीत.

पहिल्या सहलीत घाट उतरू नये

कोल्हापूरहून कोकणात उतरायला आंबा, अणुस्कुरा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली असे अनेक घाट आहेत आणि मोटारहोम हाती आले की त्यातला एखादा उतरून समुद्र गाठण्याचा मोह होतोच. माझे मत असे की पहिल्या खेपेस तो टाळावा. भरलेले मोटारहोम साडेतीन-चार टनांच्या घरात सहज जाते आणि हे वजन उतारावर ब्रेकवर येते. शिवाय उतरलेला घाट परत चढावाही लागतो. ज्यासाठी आपण डोंगरात जातो ते जंगल, गारवा, धुके आणि दऱ्यांचे दर्शन घाटमाथ्यावरच भरपूर मिळते. कड्यावर उभे राहून खालचे कोकण पाहावे आणि मागे फिरावे, यात कमीपणा काही नाही.

घाट न उतरता होणारी तीन मुक्कामांची एक फेरी अशी आखता येते. पहिल्या दिवशी कोल्हापूरहून राधानगरीमार्गे दाजीपूर गाठावे. हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे आणि वाटेत भोगावती नदीवरचे, शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभे राहू लागलेले राधानगरी धरण लागते. दुसऱ्या दिवशी राधानगरीला परत येऊन गारगोटी, आजरा करत आंबोलीला जावे. आंबोलीत दोन रात्री राहावे, कारण रोज मुक्काम हलवणारी सहल मुलांना आणि वडीलधाऱ्यांना दमवते. चौथ्या दिवशी परत फिरावे. आजऱ्यात थांबून घनसाळ तांदूळ घ्यायला विसरू नये. त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि घरी शिजवला की स्वयंपाकघरभर वास पसरतो.

परतीच्या रस्त्याबाबत एक गोष्ट कोल्हापूरकरांच्याही लक्षात येत नाही. आजऱ्याहून गडहिंग्लज, संकेश्वर करत महामार्गाला लागणे सोयीचे वाटते, पण संकेश्वर आणि निपाणी ही गावे बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकाच्या हद्दीत आहेत. भाड्याच्या गाडीचे परमिट फक्त महाराष्ट्रापुरते असेल तर मधल्या एवढ्या तुकड्यासाठीही अडचण येऊ शकते. गाडी ठरवतानाच ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, हे विचारावे; नसेल तर आलो त्या गारगोटीच्या रस्त्यानेच परतावे.

दिवसाचे अंतर ठरवताना किलोमीटरपेक्षा तास मोजावेत. डोंगरी, वळणावळणाच्या रस्त्यावर मोटारहोमचा सरासरी वेग ताशी २५ ते ३० किलोमीटर धरावा आणि दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचता येईल असाच टप्पा घ्यावा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, दरीत अंधार त्याआधीच उतरतो आणि अनोळखी आवारात अंधारात मोठी गाडी लावणे हे या सहलीतले सर्वांत कटकटीचे काम आहे. दाजीपूरच्या जंगलपट्ट्यात रात्री गवे रस्त्यावर येतात. काळ्या अंगाचा गवा दिव्याच्या झोतात फार उशिरा दिसतो.

हंगाम कोणता

जून ते सप्टेंबर हे महिने वगळावेत. आंबोली राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे, दरडी पडतात, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, हे आपण पाहिलेले आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, परंतु तोच उसाचा गळीत हंगामही असतो. राधानगरी आणि गारगोटीच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाजूला लोंबणारा ऊस आणि मागे दिवा नाही, असे दृश्य नेहमीचे आहे. या ट्रॉल्यांना ओलांडण्याची घाई मोटारहोमने करू नये. सकाळी लवकर निघावे आणि मागे अडकलोच तर अंतर ठेवून चालावे.

गाडी ताब्यात घेताना

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे, म्हणजे अशा चालत्या घरांतून होणाऱ्या पर्यटनाचे, धोरण आणले, तरी भाड्याने मिळणाऱ्या गाड्या अजून मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीची बांधणी वेगळी असते. म्हणून ताबा घेताना किमान एक तास हाताशी ठेवावा आणि घरातील दोन माणसांनी सगळे समजून घ्यावे, एकाने कागद आणि यंत्र, दुसऱ्याने पाणी, गॅस, वीज आणि स्वयंपाकाचा ओटा. स्वतः चालवायची असेल तर भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असावीत. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी चालकासह भाड्याने द्यायची असते. हलक्या मोटार वाहनाचा परवाना ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनाला चालतो, त्यामुळे बहुतेकांना नवा परवाना लागत नाही. तरीही पहिल्या खेपेस घाटात मुरलेला चालक सोबत घेण्याची ऐपत असेल तर घ्यावा, असे मी सांगेन.

टायर मात्र स्वतः वाकून पाहावेत. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. आम्ही एकदा चारही चाके पाहिली आणि स्टेपनी पाहिली नाही. गारगोटीच्या अलीकडे मागचे चाक बसले, पंक्चरवाल्याने स्टेपनी खाली घेतली, अंगठ्याने तिची बाजू दाबली आणि भेगा उघडून दाखवल्या. नक्षी अगदी नवी होती, पण रबर वाळून गेले होते. त्यावरचे आकडे १४१७ असे होते. अर्धा दिवस गेला आणि मुलांनी दुकानापुढच्या बाकावर बसून सगळा भडंग संपवला.

गाडीची उंची छतावरच्या एसीसह मोजून ती कागदावर मोठ्या आकड्यांत लिहावी आणि चालकासमोर चिकटवावी. गावातल्या कमानी, लग्नाचे मांडव, खाली आलेल्या तारा आणि वडाच्या फांद्या हे सगळे मोटारीला कधी दिसत नाही आणि मोटारहोमला नेमके तेच लागते. मागच्या चाकांपलीकडे जो भाग बाहेर असतो तो वळताना उलट्या दिशेला फेकला जातो. हे शहराबाहेरच्या एखाद्या मोकळ्या मैदानात दोन बादल्या ठेवून एकदा करून पाहावे, म्हणजे डोळ्याला सवय होते.

पाणी, वीज आणि गॅस यांचा हिशेब

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे साधे गणित चढावर जाणवते. शंभर लिटरची टाकी कोल्हापुरातून काठोकाठ भरून नेण्यापेक्षा अर्धी न्यावी आणि मुक्कामी भरावी. भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली तर पाच माणसांना शंभर लिटर दोन दिवस पुरते. अंघोळी मात्र मुक्कामाच्या ठिकाणच्या न्हाणीघरातच कराव्यात.

विजेबाबत गैरसमज फार असतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॉट-तास ऊर्जा असते. ती साध्या शिशाच्या प्रकारची असेल तर त्यातली निम्मीच वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य घटते. उरलेल्या ६०० वॉट-तासांत २५ वॉटचे दोन पंखे आठ तास चालले तर ४०० संपतात, दिवे आणि मोबाइल उरलेले खातात. छतावरचा एसी यावर अर्धा-पाऊण तासही नीट चालणार नाही. डिसेंबरात आंबोलीला त्याची गरज नसते. चादरी जास्त घ्याव्यात. बाहेरून वीज घ्यायची असल्यास १६ अँपिअरचा पॉइंट मागावा आणि जोडणीची वायर गुंडाळीवरून पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेली वायर जास्त भार पडला की तापते.

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो खाली, जमिनीलगत साचतो. गाडीच्या तळाशी त्यासाठी ठेवलेली जाळी चपला किंवा पिशव्यांनी झाकू नये आणि निघण्यापूर्वी सिलिंडरचा खटका बंद करावा. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी पेटवणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

सामान कसे भरावे

जड वस्तू खाली आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांच्या मध्ये, हलक्या वर, एवढा नियम पुरेसा आहे. खरी कसोटी वरच्या कपाटांची असते. आमच्या पहिल्याच सहलीत कांदा-लसूण चटणीची काचेची बरणी वरच्या कपाटात राहिली, कपाटाची कडी नीट बसली नव्हती, आणि दाजीपूरच्या अलीकडच्या एका डाव्या वळणावर बरणी गादीवर पडून फुटली. काच वेचून झाली, चादर धुऊन झाली, पण चार दिवस त्या गाडीत जेवणाची वेळ नसतानाही भूक लागत होती. तेव्हापासून चटणी, लोणचे, तेल हे सगळे फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, टॉवेलात गुंडाळून, बेसिनच्या भांड्यात ठेवले जाते.

गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा असलेल्या आसनावरच बसावे. मुलांना मागच्या बिछान्यावर झोपू देण्याचा मोह सर्वांत मोठा असतो आणि सर्वांत धोक्याचाही. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे पाहता येईल अशा जागी बसवावे, आडव्या बाकावर नव्हे. औषध द्यायचे तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी अर्धा तास द्यावे, वळणे सुरू झाल्यावर नाही.

घाटात चालवताना

ज्या गिअरमध्ये गाडी चढेल त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, ही जुन्या चालकांची शिकवण मोटारहोमला तंतोतंत लागू आहे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडण्याची सवय काहींना असते. त्यामुळे इंजिनाचा आधार जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे तेल उकळू लागते आणि पाय दाबला तरी पेडल पोकळ लागते. जळका वास आला की ब्रेक निकामी होण्याची वाट पाहू नये. रुंद जागा पाहून थांबावे, अर्धा तास चाके निवू द्यावीत आणि चाकांवर पाणी मुळीच ओतू नये. अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. मागे एसटी आली असेल तर पहिल्या रुंद जागी बाजूला होऊन तिला जाऊ द्यावे. तिच्या चालकाचा तो रोजचा रस्ता आहे.

मुक्काम ठरवताना आणि पोहोचल्यावर

कृषी पर्यटन केंद्रे, मोठे आवार असलेली निवासस्थाने किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचे खळे हे मुक्कामाचे चांगले पर्याय आहेत. अभयारण्याच्या हद्दीत किंवा कड्याच्या टोकावर, वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढू नये. फोनवर नुसते “पार्किंग आहे का?” असे विचारले तर उत्तर नेहमी “आहे की, या बिनधास्त” असेच येते. त्याऐवजी फाटक किती फूट रुंद आहे, आत ट्रक वळतो का, वर तार आहे का आणि जमीन मुरमाची की मातीची, हे चार प्रश्न विचारावेत. ज्या आवारात उसाचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह वळतो तेथे आपली गाडी वळतेच.

पोहोचल्यावर आधी एकाने उतरून जागा पायी फिरून पाहावी आणि मगच गाडी आत घ्यावी. ओट्यावर थाळीत बोटभर पाणी ओतून ठेवले की गाडी कोणीकडे कलली आहे ते लगेच दिसते. खालच्या बाजूच्या चाकाखाली लाकडी फळी सरकवावी, हातब्रेक लावावा, गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड द्यावा. एवढे करूनही थोडा कल राहिलाच तर उशा उंच बाजूला घ्याव्यात.

सांडपाणी आणि शौचालयाची टाकी कोठे रिकामी करायची, हे मुक्काम ठरवतानाच यजमानाला विचारावे. बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँकचे झाकण उघडून देतात. आंबोलीत हिरण्यकेशी उगम पावते आणि तेच पाणी पुढे आजरा-गडहिंग्लजकडे जाते. त्यामुळे भांड्यांचे साबणाचे पाणीसुद्धा ओढ्यात सोडू नये.

परत देताना

गाडी परत देण्याच्या आदल्या संध्याकाळी टाक्या रिकाम्या कराव्यात, डिझेलचा काटा, किलोमीटरचा आकडा आणि गाडीच्या चारही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि अनामत रक्कम कधी परत मिळणार ते लेखी घ्यावे. शेवटी बिछान्याखालचे कप्पे एकदा हात घालून पाहावेत. मुलांचा एक तरी मोजा तेथे निघतोच, आणि आमच्या वेळी त्याच्याबरोबर त्या फुटलेल्या बरणीचे झाकणही निघाले.