स्त्रीवादी भयकथांचा पहिला संग्रह: या चुका टाळा

लातूरला बसून छोट्या प्रकाशकांसाठी हस्तलिखिते वाचण्याचे काम मी करते. माझ्याकडे येणाऱ्या बाडांमध्ये बायकांनी लिहिलेल्या भयकथा आणि अद्भुतकथा अलीकडे वाढल्या आहेत, याचा मला आनंदच आहे. मात्र तो आनंद तिसऱ्या-चौथ्या कथेच्या पुढे टिकत नाही, कारण चुका त्याच त्या असतात. पहिलाच संग्रह, त्यातून विषय बाईच्या सोसण्याचा, त्यामुळे धीटपणे लिहिले म्हणजे कथा झाली असे लेखिकेला वाटते, आणि ‘दिवाळीच्या आत पुस्तक यायला हवे’ हा निरोप बाडाच्या आधी येऊन पोचतो.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे आळ खरा ठरवणे. मराठवाड्याची स्वतःची म्हणावी अशी भीती भानामतीची आहे. दांडीवरचे कपडे आपोआप पेट घेतात, पत्र्यावर दगड पडतात, लुगड्यावर आणि अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, चार बायका जमल्या की त्यांतली एक कुत्र्यासारखी भुंकू लागते. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की ती उतते, फोड येतात आणि काळा डाग बरेच दिवस राहतो. म्हणजे फुली कोणीतरी हाताने काढलेली असते, आणि बहुतेक वेळा ती काढणारा हात घरातलाच असतो. बोट मात्र गावातल्या विधवेकडे, मूल नसलेलीकडे किंवा जिच्या नावावर दोन एकर जमीन आहे तिच्याकडे दाखवले जाते. नवी लेखिका हा प्रसंग घेते आणि शेवटी त्या बाईला खरोखरच शक्ती देते: ती डोळे उघडते, गाव पेटते, कथा संपते. लेखिकेला हा विजय वाटतो.

मलाही एकदा तो विजयच वाटला होता. नांदेडकडच्या एका शिक्षिकेचा संग्रह मी वाचून पसंत केला, ही शीर्षककथा ठरवली आणि शेवटचे पान तर वाचून दाखवण्यासारखे आहे असे प्रकाशकाला कळवले. पुस्तक आल्यावर उदगीरच्या एका वाचनालयात तिने ते पान वाचले, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतून एक म्हाताऱ्या आजी उठल्या. त्यांच्यावर सून असताना भानामतीचा आळ आला होता, हे तिथल्या बऱ्याच जणांना माहीत होते, आम्हा दोघींना सोडून. त्या शांतपणे एवढेच म्हणाल्या, “मंजी गाव खरंच बोलत होतं की, बाई.” आम्हा दोघींकडे उत्तर नव्हते. चाळीस वर्षे जे नाकारण्यात त्यांचा जन्म गेला, ते आम्ही छापून खरे केले होते.

तेव्हापासून अशी कथा हाती आली की मी पेन्सिलीने समासात एकच प्रश्न लिहिते: गावाचे म्हणणे खरे ठरले का? उत्तर ‘हो’ असेल, तर अद्भुताची जागा बदलायला लावते. शक्ती बिब्ब्याला द्या, आडाला द्या, पत्र्यावर पडणाऱ्या दगडाला द्या. जिच्यावर आळ आहे तिला देऊ नका. त्या शिक्षिकेने नंतर ती कथा पुन्हा लिहिली. आता त्यात ज्याने ज्याने तिचे नाव घेतले त्याच्या जिभेवर बिब्ब्याची फुली उमटते, आणि ती मात्र ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेली असते. तिला यातले काही ठाऊकही नाही. पहिल्या शेवटाला टाळ्या पडत होत्या, या शेवटाला पडत नाहीत, आणि मला तो कितीतरी जास्त भिववतो. एखादीवर करणी-जादूटोण्याचा ठपका ठेवून तिचे जगणे मुश्कील करणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे ध्यानात असेल तर अशा कथेच्या मलपृष्ठावर ‘सत्यघटनेवर आधारित’ छापण्याचा मोहही आवरेल.

दुसरी चूक उसन्या भीतीची. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या लेखिकेच्या कथेत हडळ मुसळधार पावसात फणसाखाली का उभी असते, हे मला आजवर कळलेले नाही. आपल्याकडचे भय कोरडे आहे आणि ते बहुधा हिशेबाच्या वहीत असते. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणतात: माणसे दोन, मोजणी एका अवजाराची. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते, एक दिवस खाडा झाला की दंड दोघांच्या हिशेबातून वळता होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी 2019 मध्ये गाजली, त्यानंतर या विषयावरच्या कथा माझ्याकडे बऱ्याच आल्या आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक कथेत रात्री फडात कोणीतरी रडत होते. एका मुलीला मी कळवले, की रडणे काढा आणि वही ठेवा. तिने महिनाभर घेतला. नव्या कथेत मुकादम पहाटे मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या मोजतो, त्या बरोबर भरतात; कोयते मोजतो, तर एक जास्त निघतो, आणि रोज संध्याकाळी त्या कोयत्याच्या नावावर सगळ्यांत जास्त ऊस पडलेला असतो. खाडा एकही नाही. महिनाभर थांबण्याची तयारी असलेली अशी मुलगी मला फार क्वचित भेटते.

किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप दचकवण्याचा मसाला म्हणून वापरू नये, कारण त्या पहाटे ढिगाऱ्याखालून निघालेली माणसे तुमचे पुस्तक वाचणार आहेत. संवादांत मालिकांमधली गावरान भाषा नको. तुमची आजी ‘काय करालास’ म्हणत असेल तर तेच लिहा. बाईला शक्ती मिळाली तर तिची किंमतही तिने मोजली पाहिजे. अकरा कथांपैकी अकराही कथांत नवरा मरत असेल तर चौथ्या कथेपासून वाचक निर्धास्त होतो, आणि भयकथेचा वाचक निर्धास्त होणे बरे नाही. शेवटच्या परिच्छेदात पितृसत्तेवर भाषण असेल तर मी न विचारता कापते. अद्भुतासाठी परदेशी चेटकिणींकडे धावणाऱ्यांनी आधी गंगाखेडच्या जनाबाईकडे पाहावे. दासीच्या जात्याला खुद्द देव येऊन हात लावतो, याहून धीट कल्पना मला तरी सुचलेली नाही.

छपाईच्या बाबतीत घाई सगळ्यांत जास्त नडते. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापले जाते, म्हणून 144 पाने म्हणजे नेमके नऊ फर्मे. पाच पाने वाढली की दहाव्या फर्म्याचा खर्च अंगावर येतो, आणि तो टाळायला एखादी दुबळी कथा काढली तर संग्रहाचे भलेच होते. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, लेखिकेकडून वेगळे पैसे मागणारा प्रकाशक मला भेटला आहे. भारतात हा क्रमांक सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. करार लेखी करावा आणि हक्क किती वर्षांसाठी दिले ते त्यात लिहावे. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, पण ‘कायमस्वरूपी’ असे छापलेल्या कागदावर न वाचता सही केली तर हा आधारही उरत नाही.

मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली बाई नको, हे चित्रकाराला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. माझ्या टेबलावर सध्या अशी चार मुखपृष्ठे पडली आहेत, आणि त्यांतल्या तीन संग्रहांत केस मोकळे सोडलेली एकही बाई नाही.