ऑफ-सीझनमध्ये ताकद वाढवा, पण धावण्याचा बेस सांभाळून

शर्यतींचा हंगाम संपला की रनर मंडळींचे सरळ दोन तट पडतात. काही जण बूट कोपऱ्यात ठेवून जिममध्ये मुक्काम ठोकतात, तर काही जण धावण्याचं जुनं वेळापत्रक तसंच ठेवून त्यावर जिमचे तीन दिवस रचतात. दुसऱ्या गटाचे पाय महिनाभरात जड पडतात. पहिल्या गटाचं नुकसान उशिरा कळतं. गेलेला दम काही आठवड्यांत परत येतो, पण नडगीचं हाड आणि टाचेमागची कंडरा रस्त्याच्या माराला तेवढ्या लवकर सरावत नाहीत. दम आहे म्हणून अंतर वाढवलं जातं आणि दुखणं तिथेच सुरू होतं. म्हणून धावणं कमी करा, बंद करू नका.

किती कमी? हंगामातल्या आठवड्याच्या अंतराच्या ६० ते ७० टक्के ठेवा. आठवड्याला ५० किमी होत असतील तर ३० ते ३५ किमी, चार दिवसांत वाटून. कात्री अंतराला लावा, वेगाला पूर्णपणे नको. आठवड्यातून एकदा १५ ते २० मिनिटांचा टेम्पो (जोरकस, पण टिकवता येईल अशा वेगाची सलग धाव) आणि एकदा २० सेकंदांच्या ५-६ स्ट्राइड्स (वेग वाढवत नेलेल्या छोट्या, मोकळ्या धावा) राहू द्या. सगळंच संथ केलं तर बेस, म्हणजे धावण्याचा कमावलेला पाया, हळूहळू खचतो.

वेळापत्रक लावताना कठीण कामं एकाच दिवशी घ्यायची. मंगळवारी सकाळी टेम्पो, संध्याकाळी पायांचा जड व्यायाम. गुरुवारी ४० मिनिटं आरामात. शुक्रवारी सकाळी छोटी धाव आणि स्ट्राइड्स, संध्याकाळी जिमचा दुसरा दिवस, जरा हलका. रविवारी ७५ ते ९० मिनिटांचा लॉन्ग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव. उरलेले तीन दिवस खरोखर मोकळे सोडा. कठीण दिवस सुटे सुटे टाकले तर पाय कधीच ताजे होत नाहीत. धाव आणि वजन यांच्यात निदान सहा तास असावेत. एकच वेळ मिळत असेल तर वेगाच्या दिवशी आधी धाव, आरामाच्या दिवशी आधी वजन.

जिममध्ये यादी लांबवू नका. स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), रोमेनियन डेडलिफ्ट (कंबरेतून वाकून वजन उचलणं), स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे ठेवून बैठक), काफ रेझ (टाचा उचलणं) आणि एखादा रोइंगचा (वजन अंगाकडे ओढण्याचा) प्रकार एवढं पुरतं. पहिले तीन आठवडे हलक्या वजनाने १०-१२ रेप्सचे (आवर्तनांचे) २ सेट, म्हणजे फेऱ्या, ढब बसेपर्यंत. मग स्क्वॉट आणि डेडलिफ्टला ५-६ रेप्सचे ३ सेट. आणखी दोन रेप्स निघतील असं वाटतानाच सेट थांबवा आणि मध्ये २-३ मिनिटं बसा. रनरला ही विश्रांती आळस वाटते आणि तो ती ३० सेकंदांवर आणतो. मग दम लागतो, बारवरचं वजन कमी करावं लागतं आणि ताकदीचा व्यायाम पुन्हा दमाचाच होऊन बसतो. दम वाढवायला धावणं आहेच.

काफ रेझ मात्र मन लावून करा, कारण धावताना सर्वाधिक भार पोटरीच उचलते. चवडा पायरीच्या कडेवर, टाच बाहेर. टाच तीन सेकंद घेत खाली सोडा, वर जाऊन एक सेकंद थांबा. एका पायावर १२ रेप्सचे ३ सेट. काही सेट गुडघा सरळ ठेवून, काही किंचित वाकवून करा. वाकवल्याने पोटरीचा आतला, खोल स्नायू कामाला लागतो आणि तोच बहुतेकांचा कच्चा असतो.

पहिल्या दोन आठवड्यांत मांड्या भरून येतील. हे दुखणं साधारण दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर शिगेला पोचतं. त्यामुळे शनिवारी पायांचा व्यायाम नको, नाहीतर रविवारी पाऊल वाकडं पडून गुडघ्यावर भार येतो. नेहमीच्या संथ वेगाला नाडी ८-१० ठोक्यांनी जास्त दिसू लागली आणि ते तीन-चार दिवस टिकलं, तर जिमचा एक सेट कमी करा. याच काळात वजन घटवायला जेवण कापू नका. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं घ्या.

आठ ते दहा आठवड्यांनी धावणं वाढवायचं तेव्हा आधी जिम आठवड्यातून एकदा करा. बारवरचं वजन तेच ठेवा, सेट दोनवर आणा. त्यानंतरच्या आठवड्यापासून एकेका धावेत थोडं थोडं अंतर घाला.