बरक्या फणसाची सांदणं

बेळगावच्या बाजारात मे महिन्यात फणस घेताना बहुतेक जण कापाच मागतात. नुसते गरे खायला कापा चांगला, यात वाद नाही. सांदणांना मात्र बरकाच हवा. सांदणं म्हणजे फणसाच्या रसात तांदळाचा रवा आणि गूळ कालवून इडलीसारख्या साच्यात वाफवलेला गोड पदार्थ. कापा गरा करकरीत असतो, त्याचा रस सुटत नाही. मिक्सरमधून काढला तरी चोथा होतो आणि सांदण भरभरीत लागतं. बरक्याचा गरा चिमटीत दाबला की आठळीवरून घसरतो आणि रस होतो. पिकलेला बरका प्रवासात टिकत नाही, म्हणून शहरात तो कमी दिसतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला कुणी ओळखीचं असेल तर तिकडूनच मागवावा.

फळ पिकलं की वास घरभर येतो, काटे चपटे होऊन एकमेकांपासून लांब जातात, थाप मारली की बद्द आवाज येतो आणि अंगठ्याने दाबल्यावर साल आत जाते. एवढं झालं की त्याच दिवशी फोडावा. फोडलेला बरका दुसऱ्या दिवशी आंबट वास मारू लागतो.

आणखी एक गोष्ट पावसाची. मिरग (मृग नक्षत्र) लागून चार सरी पडल्या की फणस पाणचट होतो. त्याचा रस पातळ निघतो आणि गोडीही कमी असते. असा रस टाकून द्यायची गरज नाही: जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ८ ते १० मिनिटं सतत ढवळून आटवावा आणि पूर्ण गार करून मग वापरावा. गरम रसात रवा कालवला तर लगेच गुठळ्या होतात.

प्रमाण असं धरा. वाटी २०० मिलीची. रस २ वाट्या, तांदळाचा रवा २ वाट्या, किसलेला गूळ पाऊण वाटी, ओलं खोबरं अर्धी वाटी, नारळाचं पातळ दूध पाऊण ते एक वाटी, साजूक तूप २ चमचे आणि साच्यांना लावायला थोडं वेगळं, मीठ पाव चमचा, चार वेलदोड्यांची पूड. यात मध्यम आकाराची २० ते २४ सांदणं होतात. दोन वाट्या रसाला साधारण २५ ते ३० गरे लागतात. फळागणिक कमीजास्त होणारच. वेलदोडा याहून जास्त घालू नये, फणसाचा स्वतःचा वास दबतो. सोडा किंवा फ्रूट सॉल्ट अजिबात नको. सांदण इडलीसारखं फुगवायचं नसतं, ते ओलसर आणि दाणेदारच हवं.

फोडण्याआधी हाताला, विळीला आणि खाली अंथरलेल्या कागदाला खोबरेल तेल चोपडा. चीक लागल्यावर पाण्याने धुवायला गेलात तर तो आणखी चिकटतो. आधी तेलाने पुसायचा, मग साबण. बरका कापायचीही फारशी गरज नसते. देठाभोवती विळीने गोल चीर द्या आणि हातांनी उकला, मधला पाव, म्हणजे गाभा, देठासकट ओढून निघतो. विळी जितकी कमी चालेल तितका चीक गऱ्यांत कमी उतरतो. गऱ्यांभोवतीचे चिवट दोरे काढून टाका, आठळ्या आत्ताच वेगळ्या करू नका.

रस काढायला रोवळीसारखं (बांबूची विणलेली टोपली) दुसरं साधन नाही. आठळ्यांसकट गरे रोवळीत घालून तळहाताने चोळायचे. रस खाली पडतो, दोरे आणि आठळ्या वर राहतात. रोवळी नसेल तर मोठ्या भोकांची पिठाची चाळण चालते. मिक्सर घाईचा मार्ग आहे, पण त्यात दोरे बारीक तुकडे होऊन रसातच राहतात आणि सांदण खाताना दातांत अडकतात. मिक्सर लावलाच तर आठळ्या काढून, अगदी दोन झटके देऊन, नंतर चाळणीतून गाळून घ्या.

आता रवा. सांदण बिघडलं असं ज्यांचं होतं, त्यातल्या बहुतेकांचं रव्यातच चुकलेलं असतं. तांदूळ जुना आणि जाड घ्या. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ किंवा नुकत्याच मळणीचा नवा तांदूळ घेतला तर सांदण टाळूला चिकटतं. तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन निथळा आणि सावलीत सुती कापडावर पसरा. हाताला ओल लागेनाशी झाली की मिक्सरमध्ये थांबून थांबून भरडा. दाणा इडली रव्याएवढा हवा. मग बारीक चाळणीने चाळून पीठ वेगळं काढा. हे चाळणं बरेच जण टाळतात, आणि तिथेच घोटाळा होतो: रव्यात राहिलेलं पीठ वाफेवर खळीसारखं होतं आणि सांदण मधोमध गिच्च राहतं. निघालेलं पीठ भाकरीत किंवा घावनात खपतं.

हे सगळं मिरगाच्या आधी करून ठेवलेलं बरं. कणकुंबीच्या बाजूला एकदा पाऊस लागला की दोरीवरचं कापड वाळत नाही, तिथं तांदूळ कुठून वाळणार? रवा उन्हात एकदा तापवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरला तर पूर्ण हंगाम टिकतो. वेळ नसेल तर किराणा दुकानातला इडली रवा घ्या, तोही चालतो. गव्हाचा रवा घेतला तर पदार्थ होतो, पण तो शिऱ्याच्या चवीकडे झुकतो.

रवा दोन चमचे तुपात मंद आचेवर ७ ते ८ मिनिटं परता. हलका खमंग वास यावा, रंग बदलू नये. परतल्याने दाण्याभोवती तुपाचा पातळ थर बसतो, दाणे एकमेकांना धरत नाहीत आणि रस सावकाश आत घेतात. लाल होईपर्यंत भाजला तर दाणा कडक होतो आणि कितीही वाफवला तरी कचकच लागतो.

नारळाचं दूध दोनदा काढायचं. एक नारळ खवून त्यातलं अर्धी वाटी खोबरं बाजूला ठेवा. उरलेल्यात पाऊण वाटी कोमट पाणी घालून वाटा आणि पिळा: हे घट्ट दूध, खाताना वर घ्यायला. त्याच चोथ्यात एक वाटी पाणी घालून पुन्हा पिळा: हे पातळ दूध कालवणीत जातं. पहिलंच दूध सांदणात ओतून टाकलं तर ताटात घ्यायला काही उरत नाही, आणि सांदणाची निम्मी चव त्या दुधात आहे.

गूळ शक्यतो गडद, तपकिरी घ्यावा. उसाचा मुलूख असल्याने चिकोडी, हुक्केरीकडे गुऱ्हाळावरचा गूळ थेट मिळू शकतो, तो मिळाला तर सोन्याहून पिवळा. पातळ दुधातल्या पाऊण वाटीत गूळ विरघळवून गाळून घ्या. खडे आणि उसाची कुसं राहतात ती निघतात.

रस, गूळ-दूध, खोबरं, मीठ आणि वेलदोडा एकत्र करून त्यात गार झालेला रवा कालवा. चव रवा घातल्यावर बघायची, आधी नव्हे, कारण नुसता रस नेहमी जास्त गोड लागतो. फळ फार गोड असेल तर अर्धी वाटी गुळातही भागतं. झाकून एक तास ठेवा. या वेळात रवा फुगतो आणि मिश्रण घट्ट होतं. मग उरलेलं पातळ दूध चमच्या-चमच्याने घालून इडलीच्या पिठाएवढं सरसरीत करा. डावातून सोडल्यावर जाड पडलं पाहिजे, धार लागली तर सैल झालं. सैल झालंच तर दोन-तीन चमचे परतलेला रवा घालून आणखी पंधरा मिनिटं थांबा. वाटीच्या मापापेक्षा ही डावाची परीक्षा जास्त खरी, कारण दोन फणसांचा रस कधी सारखा नसतो. दोन तासांपेक्षा जास्त मात्र ठेवू नका, उकाड्यात मिश्रण आंबायला लागतं.

इडलीपात्रातलं पाणी आधी खळखळून उकळू द्या. गार पाण्यावर साचे ठेवले तर रवा खाली बसतो आणि वर नुसता रस राहतो. साच्यांना तूप लावा, पाऊण भरा, झाकणाला आतून फडकं बांधा म्हणजे वाफेचे थेंब सांदणांवर पडून खळगे होत नाहीत. कुकर वापरत असाल तर शिटी काढून ठेवा. इडलीच्या साच्यात २० ते २५ मिनिटं, ढोकळ्याच्या ताटलीत ३० मिनिटं. सुरी खुपसल्यावर कोरडी निघाली की गॅस बंद. परसात हळद असेल तर तिची पानं धुऊन साच्यांच्या तळाशी घाला, फणसाबरोबर तो वास फार छान जुळतो. कानडी घरांत होणारा हलसिन कडुबु याच नात्यातला. तो पानात गुंडाळून वाफवतात.

काढायची घाई करू नका. दहा मिनिटं थांबलं तर सांदण कडेने आपोआप सुटतं. गरम असताना सुरी घातली की फुटतं.

घट्ट दुधात दोन चमचे गूळ आणि चिमूटभर मीठ विरघळवा आणि सांदणावर ओता. हे दूध उकळायचं नाही, उकळलं की फाटतं. वर साजूक तूप आवडीप्रमाणे. पोटाला जड वाटत असेल तर दुधात सुंठ पाव चमचा. गुळाची आहेत म्हणून मधुमेह असलेल्यांनी मोकळ्या हाताने खाऊ नयेत, गूळ आणि फणस दोन्ही साखर वाढवतात.

याच मापाने हापूसचीही होतात. आंब्याचा रस घट्ट असतो, तेव्हा पातळ दूध पूर्ण वाटीभर लागतं.

सांदणं पावसाळ्यात बाहेर एकच दिवस, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. फ्रिजमध्ये कडक होतात, खाण्याआधी पाच मिनिटं पुन्हा वाफ द्या. जास्तीचा रस दोन-दोन वाट्यांच्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवला तर गणपतीपर्यंत पुरतो. आठळ्या धुऊन सावलीत वाळवा. मीठ घालून २० मिनिटं उकडल्या, वरची पांढरी साल सोलली, की संध्याकाळच्या चहाबरोबर खायला तयार.